आयरिश धुना आणि आपली बासरी: केल्टिक संगीताच्या नात्यागोत्याबद्दल

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षं बासरी शिकतो आहे, हल्ली आयरिश धुना फार ऐकतो. कधी काफी ऐकल्यासारखं वाटतं, कधी खमाज. बॅगपाइपमागचा सततचा सूर कानावर पडला की सनईच्या साथीचा सूर आठवतो. केल्ट लोक मूळचे पूर्वेकडचे, त्यांचं नि आपलं संगीत एकाच मुळातून आलेलं, असं वाचनात आलं. हे खरं का? आणि हे संगीत आपल्या बासरीवर वाजेल का?

मी पुण्यात हिंदुस्थानी व्हायोलिन शिकले आणि गेली एकवीस वर्षं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर राहून इथलं फिडल वाजवते, शिकवते. फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, वाजवण्याची रीत निराळी. तुमचाच प्रश्न घेऊन मीही इथे आले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या कानाला जे जाणवलं ते बरोबर आहे. त्याचं जे कारण सांगितलं जातं ते मात्र मला पटत नाही. या संगीताची नाती जहाजांवरून, फौजांबरोबर, मजुरीला परमुलखात गेलेल्या माणसांबरोबर आणि पुढे तबकड्यांमधून जुळत गेली. ती एकेक करून दाखवता येतात. हजारो वर्षांपूर्वीच्या एका मुळाची गोष्ट कुणालाच दाखवता येत नाही.

आधी त्या नावाचं बघू. आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन या भाषा एका कुळातल्या आहेत हे एडवर्ड लुईड या वेल्श विद्वानाने १७०७ मध्ये छापलेल्या ग्रंथात मांडलं आणि त्या कुळाला 'केल्टिक' हे नाव रूढ झालं. म्हणजे हा शब्द भाषाशास्त्राचा. तो संगीताला चिकटला फार उशिरा. फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतातल्या लोरिआं शहरात १९७१ पासून केल्टिक प्रदेशांचा मोठा महोत्सव भरू लागला, त्याच सुमारास ॲलन स्टिव्हेल या ब्रेटन कलाकाराने हार्प पुन्हा लोकांसमोर आणली, आणि पाहता पाहता 'केल्टिक म्युझिक' हा दुकानातल्या कप्प्याचा मथळा झाला. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या वादकांच्या तोंडी हा शब्द मी क्वचितच ऐकला. ते नुसतं 'म्युझिक' म्हणतात, फार तर 'ट्रॅड'. आज बैठकीत वाजणाऱ्या रील आणि जिग या नाचाच्या धुना बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. पेशवाईच्या उत्तरार्धात आपल्याकडे पोवाडे आणि लावण्या जोरात होत्या, साधारण त्याच काळातलं हे संगीत.

आता काफी आणि खमाज. आयरिश नाचाच्या बहुतेक धुना चारच थाटांत बसतात: बिलावल, खमाज, काफी, आसावरी. याचं उत्तर वाद्यात आहे. इथली बासरी आणि टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, सहा भोकांची आणि डी स्वराची. सगळी भोकं बंद केली की डी वाजतो, आणि एकेक बोट उचलत गेलं की सरळ बिलावलचं सप्तक निघतं. त्याच सप्तकातल्या रिषभाला षड्ज मानलं की काफी, पंचमाला मानलं की खमाज, धैवताला मानलं की आसावरी. आपण याला मूर्च्छना म्हणतो. बोटं तीच ठेवून फक्त 'घर' बदलायचं. ज्या लोकवाद्यांना भोकं झाकणाऱ्या किल्ल्या नाहीत, फक्त भोकं आहेत, आणि ती अशाच सप्तकाची आहेत, त्यांच्यातून जगात कुठेही असेच थाट निघणार.

सततच्या सुराचंही तसंच. एक स्वर मागे अखंड चालू असला की गाण्याला त्याच्याभोवतीच फिरावं लागतं. मधेच षड्ज बदलता येत नाही, आणि षड्ज-पंचमाशी न जुळणारे स्वर कानाला टोचतात. सनईवाल्याशेजारी बसून नुसता सूर धरणारा साथीदार, पोवाड्यातलं तुणतुणं, स्कॉटलंडच्या पाइपचे खांद्यावरचे तीन ड्रोन: काम एकच, म्हणून परिणामही सारखा. इथे पूर्वज आणायची गरज पडत नाही.

एक बारकावा मात्र तुमच्यासारख्याला फार आवडेल. आयर्लंडच्या पाइपला इलन पाइप्स म्हणतात. इलन म्हणजे कोपर. हवा तोंडाने न फुंकता कोपराखालच्या भात्याने भरतात. २०१७ मध्ये युनेस्कोने ही कला आपल्या वारशाच्या यादीत घेतली. या पाइपवर डीला षड्ज धरला तर निषाद पुष्कळदा ना धड कोमल असतो ना धड शुद्ध. जुने वादक तो मुद्दाम मधे कुठेतरी ठेवत, वर जाताना किंचित चढा, खाली येताना उतरता. जुन्या पद्धतीने गेलिकमध्ये एकट्याने, साथीशिवाय गायल्या जाणाऱ्या शॉन-नोस गाण्यातही हेच ऐकू येतं. आपल्या खमाजात आरोही शुद्ध आणि अवरोही कोमल निषाद येतो. तुमचा कान तिथेच अडकला असणार.

याच साम्यावरून शॉन ओ रिआदा या संगीतकाराने १९६२ मध्ये आयरिश रेडिओवरच्या व्याख्यानमालेत असं मांडलं, की आयरिश संगीत युरोपच्या शास्त्रीय संगीताच्या चष्म्यातून बघू नका, ते वृत्तीने पूर्वेकडच्या संगीताला जवळचं आहे. एकच ओळ गोल गोल फिरत राहणं, प्रत्येक फेरीत तिला निराळं नटवणं, स्वरांचे ढीग रचण्यापेक्षा एका धाग्यावर भर देणं, हे त्याने अचूक टिपलं होतं. त्याचं म्हणणं वादकाला फार उपयोगी पडतं, मलाही पडलं. इतिहासाचा पुरावा म्हणून ते वापरायला लागलं की घोळ होतो. पुढे उत्तर आफ्रिकेतून समुद्रमार्गे आलेल्या प्रभावाचीही मांडणी झाली. तीही मोहक आहे, पण शॉन-नोस गायक आणि आफ्रिकेतला गायक एकामागोमाग ऐकवून 'सारखं वाटतं ना?' असं विचारणं पुरेसं नाही. सारखं वाटणं ही शोधाची सुरुवात असते.

मग खरी वाहतूक कुठली? इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण या संगीताबद्दल मला सर्वांत जास्त प्रेम इथेच वाटतं.

आयरिश बैठकीतल्या वस्तू एकेक करून बघा. रील हा प्रकार स्कॉटलंडहून आला, हॉर्नपाइप हा नाच इंग्लंडहून. पोल्का बोहेमियातून निघाली, १८४० च्या दशकात युरोपभर तिचं वेड पसरलं, आणि आज कॉर्क आणि केरी परगण्यांच्या सीमेवरच्या श्लीव्ह लूअक्रा या डोंगराळ भागात ती इतकी मुरली आहे की तिथल्या माणसाला 'ही परकी' म्हणून सांगायची सोय नाही. चार जोड्यांनी नाचायचे 'सेट' फ्रान्सच्या दरबारी क्वाड्रिलवरून बेतलेले. फिडल इटलीचं. ॲकॉर्डियनचं पेटंट व्हिएन्नात १८२९ मध्ये निघालं, आणि कॉन्सर्टिना हे हातात धरायचं छोटं भात्याचं वाद्य त्याच सुमारास लंडनमध्ये तयार झालं. कॉन्सर्टिना क्लेअर परगण्यात बायकांचं वाद्य झालं; स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या कोनाड्यात ते ठेवलेलं असे. टिन व्हिसल १८४३ मध्ये रॉबर्ट क्लार्क या इंग्रज कारागिराने पत्र्यापासून बनवायला घेतली आणि ती इतकी स्वस्त होती की पोराटोरांच्या हाती गेली.

लाकडी बासरीची गोष्ट तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्युनिकच्या थिओबाल्ड बोम यांनी १८३२ मध्ये आणि मग १८४७ मध्ये बासरीची रचनाच बदलली. किल्ल्यांची नवी बासरी आली. वाद्यवृंदातले वादक हळूहळू तिच्याकडे वळले आणि त्यांच्या जुन्या, साध्या भोकांच्या लाकडी बासऱ्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. आयर्लंडमधल्या शेतमजुरांना त्या परवडल्या. ज्याला आज जग 'आयरिश फ्लूट' म्हणून ओळखतं, ते म्हणजे शास्त्रीय वादकांनी टाकून दिलेलं वाद्य. त्यातून काढलेला जाडसर, घोगरा, जमिनीतून आल्यासारखा आवाज मात्र पूर्ण इथला आहे. वाद्य कुठून आलं यापेक्षा त्याला इथे काय बोलायला लावलं, तिथे परंपरा सापडते.

वायव्येकडच्या डोनेगलमध्ये स्कॉटलंडचा वास अजून ताजा आहे. तिथली माणसं पिढ्यानपिढ्या बटाटे काढायच्या हंगामाला स्कॉटलंडला जात आणि परत येताना मजुरीच्या पैशांबरोबर धुना आणत. स्ट्रॅथस्पे या झटकेदार चालीच्या स्कॉटिश नाचाचं डोनेगलमध्ये 'हायलंड' झालं. झटके कमी झाले, चाल नाचाच्या अंगाने सैल झाली. याच भागात डोहर्टी घराणं होतं, फिरते पत्र्याचे कारागीर आणि फिडलवादक. लाकडी फिडल घ्यायला पैसे नसलेल्यांसाठी ते पत्र्याचं फिडल करून देत. मी एकदा तसलं फिडल हातात घेऊन वाजवलं आहे. आवाज बारीक आणि जरा नाकातला, कमी अंतरावरच पोचणारा. पण पावसाळी रात्री छोट्या खोलीत तो पुरतो, आणि त्यावर वाजवलेली हायलंड ऐकली की डोनेगलच्या फिडलचा तो कडक, गजाच्या छोट्या फटकाऱ्यांचा बाज कुठून आला असेल याचा अंदाज येतो.

सगळ्यांत मोठी उलथापालथ झाली ती दुष्काळाने. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावर रोग पडून सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यानंतरही दशकानुदशकं लोक जात राहिले. संगीतही त्यांच्याबरोबर गेलं, आणि जपलं गेलं ते तिकडे. कॉर्कमधल्या ट्रॅलिबेन गावचा फ्रान्सिस ओ'नील पोरवयात जहाजावर चढला, जग फिरला आणि अखेर शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. त्याला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. तो धुना लक्षात ठेवी आणि पोलीस दलातलाच जेम्स ओ'नील नावाचा आडनावबंधू त्या लिहून घेई. १९०३ मध्ये त्याने १,८५० धुनांचा संग्रह छापला, १९०७ मध्ये नाचाच्या १,००१ धुनांचा. निरनिराळ्या परगण्यांतले वादक एका शहरात आले होते म्हणूनच हे शक्य झालं. आयर्लंडमध्ये ती माणसं एकमेकांना कधी भेटलीही नसती.

त्याच्या पुढची पायरी तबकड्यांची. स्लायगो परगण्यातला मायकल कोलमन न्यूयॉर्कला गेला आणि १९२० च्या दशकात त्याच्या फिडलच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या. नातेवाइकांनी त्या गावी धाडल्या. ज्यांच्याकडे ग्रामोफोन होता त्यांच्या घरी शेजारीपाजारी जमत, एकेक धून पुन्हा पुन्हा लावून उचलत. परिणाम असा झाला की स्लायगोची ती वळणदार, नक्षीदार शैली देशभर पसरली आणि कित्येक गावांचे स्वतःचे बाज तिच्याखाली दबले. कोलमन मला प्राणप्रिय आहे, तरी हे लिहिताना वाईट वाटतं. किराण्याच्या किंवा ग्वाल्हेरच्या एकाच गायकाची तबकडी गावोगावी गेली असती आणि बाकीच्यांनी आपली गायकी सोडली असती, तर आपल्याला जसं वाटलं असतं तसं.

आणि ज्या 'सेशन'चे व्हिडिओ तुम्ही बघता, पबमध्ये टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून वाजवायचं, तेही प्राचीन नाही. आयर्लंडमध्ये संगीत घरात वाजे, नाचासाठी वाजे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये बांधकामावर आलेल्या आयरिश मजुरांकडे तसली घरं नव्हती, भाड्याच्या खोल्या होत्या. ते पबमध्ये जमू लागले, आणि ती रीत नंतर मायदेशी आली.

बाउझुकीचं तर आमच्या पिढीच्या आठवणीतलं आहे. १९६० च्या दशकाच्या मध्याला जॉनी मॉयनिहान या वादकाने हे ग्रीक वाद्य आयरिश धुनांना लावलं. डोनल लनीने पुढे सपाट पाठीचं करून घेतलं, तारा निराळ्या जुळवल्या, आणि आज ते इथलं झालं आहे. लनीचा सोबती अँडी अर्विन १९६८ मध्ये बाल्कन देशांत भटकायला गेला आणि तिथले विषम ताल घेऊन आला. प्लँक्स्टी या त्यांच्या वाद्यवृंदाच्या १९७९ च्या तबकडीवर एक बल्गेरियन नाच आहे. तिकडच्या सात मात्रांचे ३-२-२ असे भागही पडतात, म्हणजे आपल्या रूपकाचेच भाग. इथले विद्यार्थी त्या सातावर अडखळतात तेव्हा मी त्यांना टाळी-खाली देऊन रूपक मोजायला शिकवते, आणि दहा मिनिटांत गाडी रुळावर येते. बल्गेरिया आणि महाराष्ट्र यांचं काही नातं आहे म्हणून नव्हे. मोजायची चांगली रीत आपल्याकडे आहे म्हणून.

आयर्लंड-स्कॉटलंडमधून बाहेर गेलेल्यांपैकी कॅनडाची कहाणी मला सर्वांत विलक्षण वाटते. जमीनदारांनी मेंढ्यांसाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली गावं रिकामी केली, त्यातली पुष्कळ माणसं केप ब्रेटन बेटावर गेली. तिथे ती एकाकी राहिली आणि जुना नाच, जुनं फिडल तसंच राहिलं. पायांनी ताल धरायचा तो जुना स्टेप-डान्स स्कॉटलंडमध्ये जवळजवळ विसरला गेला होता. विसाव्या शतकाच्या शेवटी स्कॉटिश लोक केप ब्रेटनकरांकडूनच तो पुन्हा शिकले.

त्याहून उत्तरेला हडसन्स बे कंपनी. कातड्यांच्या व्यापारासाठी ती ऑर्कनी बेटांवरून माणसं भरती करी. त्यांनी फिडल नेलं, आणि जेम्स बेच्या किनाऱ्यावरच्या क्री आदिवासींनी ते उचललं. पण उचललं आपल्या पद्धतीने. आयरिश-स्कॉटिश धून आठ-आठ बारच्या (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) चौकटीत घट्ट बसवलेली असते. क्री वादकांनी चौकट सोडून दिली. एखादी ओळ लांबवायची, एखादी आखडायची, आणि बसल्या बसल्या दोन्ही पायांनी जमिनीवर अखंड ठेका धरायचा. १९८० च्या सुमारास त्या भागातले वादक ऑर्कनीला गेले, तेव्हा दोन्हीकडच्यांना एकमेकांच्या धुना ओळखू आल्या. मधे दोनेकशे वर्षं गेली होती. आर्क्टिकमधले इनुइट लोक आजही ॲकॉर्डियनवर नाचाच्या रील वाजवतात. त्या देवमाशांच्या शिकारीला आलेल्या स्कॉटिश जहाजांवरून उतरलेल्या. या लोकांना केल्टिक म्हणायचं का? रक्ताने विचारलं तर मुळीच नाही. वाजवण्याने विचारलं तर ते या कुटुंबातले आहेत, आणि मी त्यांना बाहेर काढायला तयार नाही.

ब्रिटनी आणि गॅलिसियाबद्दल थोडक्यातच सांगते. ब्रिटनीत केल्टिक भाषा आहे, आणि 'कान हा डिस्कान' हा अस्सल तिथला प्रकार: एक गायक ओळ म्हणतो, ती संपत आली की दुसरा शेवटच्या शब्दांत मिसळतो आणि ओळ पुढे घेतो, तोवर लोक हातात हात गुंफून नाचत असतात. पोवाड्यात झीलकरी शाहिराची ओळ जशी उचलून धरतात, तसं काहीसं. पण ब्रिटनीतले ते मोठे पाइप बँड, ज्यांना बगाद म्हणतात, ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास स्कॉटिश पाइप बँड बघून उभे केले गेले. गॅलिसिया स्पेनच्या वायव्येला आहे. तिथली भाषा पोर्तुगीजची बहीण, केल्टिक नव्हे. पण त्यांची गाइता ही बॅगपाइप जुनी आणि सुरेख आहे, आणि केल्टिक असणं ही त्यांनी आवडीने स्वीकारलेली ओळख आहे. निवडलेल्या नात्याला मी कमी मानत नाही, तेवढं 'निवडलेलं' हे कबूल असावं.

आता भारत. खरे दुवे आहेत, आणि ते कल्पनेपेक्षा रंजक आहेत. कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी मद्रासमध्ये इंग्रजांच्या बँडच्या धुना ऐकून त्यांवर संस्कृत शब्द बांधले. 'नोट्टुस्वर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रचना चाळीसच्या आसपास आहेत. त्यातली 'वन्दे मीनाक्षी' ही 'रेक्स ऑफ मॅलो' या आयरिश धुनेवर आहे. मॅलो हे कॉर्क परगण्यातलं गाव. मी तिथे एका लग्नात ती धून वाजवली आहे, आणि चेन्नईच्या एका घरात सहा-सात वर्षांच्या मुलीला तीच धून मीनाक्षीचं नाव घेत गाताना ऐकलं आहे. दोन्हीकडे कुणालाही ती उसनी वाटत नव्हती. दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी व्हायोलिन आत्मसात करून कर्नाटक संगीतात आणलं. मराठी माणसाला याच्या शेजारचं एक नाव माहीत असायला हवं: तंजावरचे सरफोजी राजे दुसरे, भोसले घराण्यातले. १७९८ ते १८३२ ही त्यांची कारकीर्द. त्यांनी दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला होता आणि पाश्चात्त्य स्वरलिपीच्या वह्या जमवल्या होत्या. दक्षिणेत व्हायोलिन रुजत होतं त्या वर्षांत एक मराठी दरबार या वाहतुकीच्या ऐन मध्यावर उभा होता.

बंगालमध्ये रवींद्रनाथांनी स्कॉटिश चालींवर गाणी रचली. 'पुरानो शेइ दिनेर कॉथा' ऐकलंत तर 'ऑल्ड लँग साइन' लगेच ओळखाल. उत्तराखंडात लग्नाच्या वरातीत मशकबीन वाजते, ती सैन्यात नोकरी केलेल्या गढवाली-कुमाऊँनी जवानांनी आपलीशी केलेली स्कॉटिश बॅगपाइप. आज जगभर विकल्या जाणाऱ्या बॅगपाइपपैकी पुष्कळ पाकिस्तानातल्या सियालकोटला बनतात. राजस्थानात मशक नावाचं पिशवीचं वाद्य निराळं आहे. पिशवीत हवा भरून वाजवायची युक्ती मोरोक्कोपासून भारतापर्यंत, जिथे शेळ्या-मेंढ्या आहेत तिथे सापडते.

आणखी एक साम्य दाखवून वाद्याकडे वळते. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर नवं विणलेलं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून बायका लांब टेबलाभोवती बसून ते ओलं कापड आपटत आणि गात. एकजण ओळ म्हणे, बाकीच्या ध्रुपद धरत. गाण्यात माहेर, मेलेला भाऊ, एखाद्या पोरावरून एकमेकींची चेष्टा. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या बायकांनी ओवी कधी ऐकली नव्हती, आजीने ते बेट नकाशात पाहिलं नव्हतं. तासन् तास हातांना एकाच लयीत राबवायचं आणि त्याच वेळात मन मोकळं करायचं, यातून दोन्हीकडे तेच घडलं.

आता तुमची बासरी. मध्यम आकाराची जी स्केलची बासरी घ्या, म्हणजे जिच्यात वरची तीन भोकं बंद केल्यावर षड्ज जी येतो. सहाही बंद केल्यावर येणारा तुमचा मंद्र पंचम म्हणजेच डी. आयरिश लाकडी बासरीचा खालचा डी तोच. बोटांची मांडणीही तीच. म्हणजे वाद्य बदलायची गरज नाही. एकच फरक आहे: सगळी भोकं उघडल्यावर दोन्हींत सी शार्प, म्हणजे तुमचा तीव्र मध्यम येतो, शुद्ध मध्यम तुम्ही अर्धं भोक दाबून काढता, तर इथले लोक वरचं भोक उघडं ठेवून त्याखालची दोन बंद करतात. आपल्या बासरीची भोकं मोठी असल्याने ती युक्ती नीट लागत नाही. अर्धं भोकच ठेवा. तुमचा हात त्याला सरावलेला आहे.

सुरुवातीला 'केश जिग' घ्या. पारंपरिक धून आहे, सगळीकडे वाजते. पहिल्या चार बार सरगमात, षड्ज जीवर:

सा सा सा – सा रे ग | रे रे रे – रे ग प | ध प प – सां प प | ध प ग – प ग रे

हे सगळे स्वर भूपाचे आहेत, आणि तरी हा भूप नाही. इथे वादी-संवादी नाही, आलाप नाही, स्वरावर ठेहराव नाही. मींड घेतलीत की धून हातातून जाते. मला पुण्याचं हे वळण मोडायला दोन वर्षं लागली. इथले माझे गुरू दर वेळी हसून म्हणत, की गाऊ नकोस, बोल. सजावट इथे स्वराची नाही, उच्चाराची आहे. पहिल्या बारमधले तीन सलग 'सा' जिभेने तोडायचे नाहीत. श्वास अखंड ठेवायचा आणि बोटांनी ते तीन भाग करायचे. पहिल्यानंतर वरच्या हाताचं तिसरं बोट क्षणभर उचलून लगेच ठेवायचं, याला कट म्हणतात. दुसऱ्यानंतर खालच्या हाताच्या पहिल्या बोटाने उघड्या भोकावर एक चटकन टपली द्यायची, तो टॅप. दोन्ही मिळून रोल. कटमध्ये रिषभ ऐकू आला तर तो लांबला. कण लागता कामा नये, नुसती खळी पडावी. दुसऱ्या बारमध्ये रिषभावर तसाच रोल.

चाल सहा मात्रांची, तीन-तीनची, पण दादऱ्यासारखी सारखी नाही. पहिली मात्रा किंचित लांब, दुसरी चोरटी, तिसरी पुढच्याकडे ढकलणारी. हे कागदावर येत नाही. एखाद्या नाचणाऱ्याचे पाय बघा. चार बार झाल्या की पुढच्या चार ऐकूनच उचला. आठ बारचा एक भाग, तो दोनदा, मग दुसरा भाग दोनदा, आणि अख्खी धून तीनदा. निदान तीन आठवडे यापलीकडे जाऊ नका, आणि वेग वाढवू नका. अंगठ्याला पीळ पडतोय असं वाटलं तर बासरी किंचित खाली आणा. रोलमध्ये बोटं उंच उचलली जातात तेव्हा असं होतं, ती भोकापासून बोटभरसुद्धा दूर जायला नकोत.